दुकान फोडलंच आहे तर रॅम्प पण करायला लावा: नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री साहेब, कर्नाटक सरकार,
स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितोय, कन्नड कॉपी वेगळी पाठवलीय, त्यामुळे भाषेवरून वाद नको, विषय पायरीचा आहे.

बेळगावात खडेबाजारच्या बाजूला एक साडीचं दुकान आहे, नाव घेत नाही. आई लग्नापासून साड्या तिथनंच घेते. आधी एकच झिजलेली दगडी पायरी होती, आईची व्हीलचेअर मागे कलती केली की आत. मागच्या वर्षी रिनोव्हेशन काढलं, दोन महिने हिरवी जाळी, आणि उघडलं तेव्हा काच, एसी, आणि खाली गुळगुळीत ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या! रस्ता दरवेळी वर येतोय, पावसाचं पाणी आत शिरतं म्हणून जोतं उचललं म्हणे. कारण खोटं नाही, पण मग आम्ही काय करायचं? दुकानातल्या दोन पोरांनी खुर्चीसकट उचललं तर आई म्हणाली, पोत्यासारखं नेऊ नका रे मला. शेवटी साड्याच बाहेर आणल्या, मागनं स्कूटरवाले हॉर्न मारतायत आणि ही रस्त्यात बसून पदराचा काठ बोटांनी चाचपून बघतेय. घेतली नाही. परत जाऊया पण म्हणाली नाही.

आता कायदा बघा की. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांची ये-जा असलेली खाजगी इमारतसुद्धा सार्वजनिकच, म्हणजे दुकानं आलीच. कलम ४४ प्रमाणे नवीन बांधकामाच्या नकाशात सोय नसेल तर परवानगी मिळत नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या इमारती नियम आल्यापासून ५ वर्षांत सुधारायच्या होत्या, नियम आले जून २०१७ ला, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. वर ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने केंद्राला सांगितलं की नुसत्या सूचना चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. पण रिनोव्हेशन मधल्यामधे सटकतं, फरशी-काच बदलायला नकाशा कोण दाखवतंय?

आणि खरी मेख मापात आहे. रॅम्पचा उतार १:१२ लागतो, ६ इंचाच्या एका पायरीला ६ फूट, तीन पायऱ्यांना १८ फूट! आमच्या गल्लीत १८ फूट आणायचे कुठून? म्हणून काही जण प्लायवूडचा तुकडा टेकवतात, त्यावरनं खुर्ची चढत नाही, घसरते. जोतं उचलायच्या आधीच विचार केला तर उतार दुकानाच्या आत घेता येतो, फरशी उखडलेली असतेच. नंतर तेच काम करायचं तर परत सगळं फोडा.

अमेरिकेत १९९० च्या दिव्यांग कायद्यानंतर असा नियम आहे की दुकानाचा मुख्य भाग बदलला तर तिथवर पोचायची वाट पण सुधारायची, त्यासाठी मूळ कामाच्या २० टक्क्यांपर्यंत खर्च करावा लागतो, त्याच्या वर सक्ती नाही. छोट्या दुकानदाराला झेपेल असं काहीतरी आपल्याकडे का नको? रिनोव्हेशनची नोंद घ्यायची, दाराचा फोटो आणि उताराचं माप मागायचं, एवढंच करा आधी. दंडाचं नंतर बघू.

जरा घाई करा साहेब, त्याच रांगेत पुढच्या दुकानाला काल हिरवी जाळी लागलीय, ग्रॅनाइट अजून यायचंय.

आपला,
शहापूरचा एक रहिवासी