घरी सोडायला दहा तास का?

संपादक महोदय,

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी सकाळी १० वाजता डॉक्टर म्हणाले, ‘आज घरी जा.’ सलाईनची सुई निघाली, आईने वेणी घालून घेतली, इस्त्रीची साडी नेसली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली. विमा कंपनीची मंजुरी आली रात्री ८ वाजता! दर तासाला मी काउंटरवर जायचो आणि दर तासाला तेच ऐकायचो, ‘मेल केलाय, उत्तर नाही.’ तिचा सुजत चाललेला पाय अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी द्यायची आहे. उशिरामुळे वाढलेला रुग्णालयाचा खर्च विमा कंपनीने सोसायचा आहे. हा नियम प्रत्येक बिलिंग काउंटरवर मराठीत लावावा. विनंती किती वाजता पाठवली, तेही नातेवाइकांना लेखी द्यावं.

घरी नातवंडं जागीच होती. मऊ भात, मेतकूट, तूप खाऊन आई शांत झोपली. रविवारी तिच्या पलंगाभोवती पाच-तीन-दोनचा डाव रंगला, आणि सगळे हात तिनेच ओढले.

– एक वाचक, सातारा