कच्छच्या अमोनाइटांच्या चिठ्ठ्या वाचवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातल्या आपल्या वाचनालयाच्या पोटमाळ्यावर अकरा पेट्या आहेत. भूशास्त्राच्या एका दिवंगत प्राध्यापकांनी कच्छमध्ये फिरून जमवलेले अमोनाइटचे जीवाश्म त्यांत आहेत. शाळीग्रामात जे चक्र दिसते, ते याच समुद्री प्राण्याच्या कवचाचे. दगड सुरक्षित आहेत. पण प्रत्येक दगडासोबत सरांनी ठेवलेली चिठ्ठी (डोंगर कोणता, थर कितवा, वाळूचा की चिकणमातीचा) यंदाच्या पावसात ओलसर झाली. शाई फुटली आहे, काहींना कसर लागली आहे.

ज्युरासिक काळात अमोनाइटांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि समुद्रांतून दूरवर पसरल्या. म्हणून त्यांच्यावरून दूरदूरच्या प्रदेशांतले खडकांचे थर जुळवता येतात. मॅक्रोसेफॅलाइट्स नावाचा अमोनाइट कच्छमध्ये आहे, मादागास्करमध्ये आहे, युरोपातही आहे. मात्र कच्छमध्ये तो युरोपपेक्षा आधीच्या थरांतही सापडतो. नुसत्या आकारावरून वय ठरवले तर फसगत होते. दगड कशाच्या वर आणि कशाच्या खाली मिळाला, हे माहीत असावेच लागते. तिथे गाळही मदतीला येतो. भुजच्या परिसरातल्या जुमारा, जुरा, हबो या डोंगरांत धोसा ऊलाइट नावाचा थर आहे, खसखशीसारख्या बारीक लोहयुक्त गोल कणांचा. तो ओळखला की एका डोंगरातला थरांचा क्रम दुसऱ्याशी ताडून पाहता येतो. सरांनी कितीतरी चिठ्ठ्यांवर ‘धोसाच्या दोन हात खाली’ असे लिहून ठेवले आहे. ती ओळ गेली की तो दगड शोकेसमध्ये ठेवण्यापुरता उरतो. भूशास्त्रज्ञ विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ मध्ये कच्छच्या अमोनाइटांचे केलेले वर्णन आजही अभ्यासक उघडतात. त्याच्याशी ताडून पाहण्याजोगा संग्रह आपल्याकडे आहे, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या, पारसिकच्या डोंगरांचा कातळ लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ज्युरासिक काळ त्याच्याही जवळजवळ ८ कोटी वर्षे आधी संपला. त्यामुळे इथल्या मुलांना ज्युरासिक समुद्राचा गाळ हातात घेऊन पाहायला या पेट्यांखेरीज दुसरे काही नाही.

दोन पत्र्याची कपाटे, आम्लरहित कागद आणि ओल शोषणाऱ्या पुड्या यांसाठी ४२,००० रुपये लागतील. सभासदांकडून १५,००० जमले आहेत. देणगी वाचनालयाच्या कार्यालयात द्यावी, पावती लगेच मिळेल.

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. सरांचे अक्षर बारीक आणि घाईचे आहे. जुने हस्ताक्षर लावता येणाऱ्या ज्येष्ठांनी, चिठ्ठ्यांचे फोटो काढू शकणाऱ्या तरुणांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत यावे. कृपया पेट्या स्वतः उघडू नका, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर ती आता कुणालाच सुधारता येणार नाही.

सरांचे विद्यार्थी ठाण्यात, कळव्यात, नवी मुंबईत विखुरलेले आहेत. त्यांच्यासोबत कच्छला गेलेल्या कुणाकडे सहलीची वही असेल, तर ती एका दिवसासाठी तरी आम्हाला पाहू द्यावी.