अर्थमंत्र्यांना खुलं पत्र: नशेतून महसूल नको, नशा करणाऱ्याला तुरुंगही नको

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

अमली पदार्थांविषयीचं हे पत्र गृहमंत्र्यांना किंवा आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, कारण अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणारा १९८५ चा एनडीपीएस कायदा आपल्या मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे. कोणत्या पदार्थाचं किती वजन ‘अल्प’ मानायचं आणि किती ‘व्यापारी’, हे ठरवणारी अधिसूचनाही तिथूनच निघते. पकडापकडी गृहखात्याच्या अखत्यारीतल्या एनसीबीकडे (नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे), व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे आणि कायदा अर्थखात्याकडे, अशी ही वाटणी आहे.

सध्या एक मागणी वारंवार ऐकू येते. बंदीनं नशा थांबत नाही, पैसा मात्र गुन्हेगारांना मिळतो. मग निदान गांजा तरी कायदेशीर करा, कर लावा, तिजोरीत भर पडेल. मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. या मागणीतलं एक म्हणणं मला पूर्ण पटतं: वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं थांबलं पाहिजे. तिजोरीचा मुद्दा मात्र मला धोकादायक वाटतो.

आधी वापरणाऱ्याविषयी. मुलाला घेऊन आलेले आईवडील अनेकदा पहिला प्रश्न उपचाराचा विचारत नाहीत. ‘पोलिसांना कळवावं लागतं का?’ असं विचारतात. ‘नाही’ म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. कलम २७ नुसार नुसतं सेवन हाही गुन्हा आहे: हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत, इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. स्वतःपुरता पदार्थ जवळ सापडला तर त्यासाठी वेगळी सवलत नाही. कायदा वजन बघतो, हेतू नाही.

वजनाचं हे प्रकरण नीट समजून घ्यावं अशी माझी विनंती आहे, कारण गरिबाचा घात इथेच होतो. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅम, व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. रस्त्यावर ब्राउन शुगर म्हणून मिळणारं हेरॉइन शुद्ध कधीच नसतं, त्यात काय काय मिसळलेलं असतं. एप्रिल २०२० मध्ये हिरासिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मात्रा ठरवताना शुद्ध हेरॉइनचं नव्हे, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. आता समजा, एखाद्याकडे दहा ग्रॅम पूड सापडली आणि तिच्यात हेरॉइन एकच ग्रॅम निघालं. कायद्याच्या लेखी ते दहा ग्रॅमच. अल्प मात्रेची रेषा ओलांडली, आणि शिक्षा एक वर्षावरून थेट दहा वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाऊ शकते. माल जितका भेसळीचा, तितका तो विकत घेणारा जास्त अडकतो. न्यायालयानं कायदा जसा लिहिलाय तसा वाचला, त्याला मी दोष देत नाही. तो वेगळा लिहिणं सरकारच्या हातात आहे.

कलम ६४अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे, असं उत्तर आपले अधिकारी देतील. आहे खरं. पण उपचार पूर्ण केले नाहीत तर ते काढून घेता येतं. ज्यानं एकही व्यसनी माणूस जवळून पाहिला आहे त्याला ठाऊक असतं, की पहिल्या प्रयत्नात सुटणारे थोडे. माणूस सुटतो, घसरतो, पुन्हा येतो. घसरणं हा या आजाराचाच भाग आहे. पहिल्या घसरणीलाच संरक्षण जाण्याची भीती असेल तर माणूस परत येत नाही. तो लपतो, आणि लपून एकट्यानं घेतो, तेव्हा अतिमात्रा झाली तर हाक मारायलाही कुणी नसतं.

२०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयानं आपल्या महसूल विभागाला सुचवलं होतं, की वैयक्तिक वापरासाठीची अल्प मात्रा गुन्ह्याच्या कक्षेतून काढावी. तेव्हा वर्तमानपत्रांत तशा बातम्या आल्या होत्या. त्याच डिसेंबरमध्ये कायद्यात दुरुस्तीही झाली. पण ती कशाची? २०१४ च्या दुरुस्तीनंतर कलम २७अ मध्ये एका उपकलमाचा क्रमांक चुकीचा राहिला होता, तो बदलण्याची. आकडा दुरुस्त झाला. माणसांचा प्रश्न तिथेच राहिला.

पोर्तुगालनं हा प्रश्न २००१ मध्ये सोडवायला घेतला. दहा दिवसांच्या वापराइतका पदार्थ जवळ असणं तिथे तेव्हापासून गुन्हा राहिला नाही, कायदेशीरही झालं नाही. पोलीस माणसाला एका समितीपुढे पाठवतात. तिथे कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणारी माणसं बसतात. विक्री हा तिथे आजही गुन्हाच आहे. सोबत उपचारांची जाळी विणली गेली आणि सुयांमधून होणारी एचआयव्हीची लागण खूप खाली आली. अमेरिकेतल्या ओरेगॉननं २०२० च्या मतदानानंतर शिक्षा काढल्या, पण उपचार केंद्रांचा पैसा वेळेत पोचला नाही. लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे शिक्षा परत आल्या. तिथला आणखी एक तपशील आपल्या खात्याशी जोडलेला आहे: उपचारांचा तो निधी गांजावरच्या करातून यायचा होता.

आता करासंबंधी. अमली पदार्थांच्या महसुलाचा अनुभव या देशाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या साधनांपैकी एक अफू होती. पाटणा आणि गाझीपूरची अफू कलकत्त्याच्या लिलावातून चीनला जायची. त्या व्यापाराविरुद्ध दादाभाई नौरोजींनी इंग्लंडच्या जनतेपुढे कडाडून लिहिलं. १८९३ मध्ये अफूसाठी शाही आयोग नेमला गेला, तेव्हा त्याच्या कामाच्या कक्षेतच एक प्रश्न होता: बंदी घातली तर हिंदुस्थानच्या तिजोरीवर काय परिणाम होईल? आयोगानं बंदीची गरज नाही असा निष्कर्ष काढला, आणि चीनला होणारी निर्यात टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा करार व्हायला १९०७ उजाडलं. महसुलाची सवय लागली की सरकारलाही ती सोडवत नाही. गाझीपूरचा तो अफू कारखाना आज औषधांसाठी चालतो, आणि तोही आपल्याच मंत्रालयाकडे आहे.

न्याय्य बाजू मांडायची तर त्याच काळातला भांग-गांजा आयोगही सांगितला पाहिजे. त्याच्या १८९४ च्या अहवालानं म्हटलं, की माफक सेवनानं फारसं नुकसान दिसत नाही. बंदीऐवजी परवाने आणि कर यांनी आळा घालावा. कायदेशीर करा म्हणणारे हा अहवाल पुढे करतात, आणि तो वाचण्यासारखाच आहे. पण त्यातला कर आळा घालण्यासाठी होता. आज जी मागणी होते आहे ती उत्पन्नासाठी आहे. या दोन करांची दिशा एकमेकांच्या उलट असते. आळा घालणारा कर यशस्वी झाला तर उत्पन्न घटतं. उत्पन्नाचा कर यशस्वी व्हायचा तर खप वाढावा लागतो.

आणि खप कोण वाढवतं? दारूचं उदाहरण समोर आहे. दारूच्या एकूण खपाचा मोठा हिस्सा थोड्याच, अतिसेवन करणाऱ्या लोकांकडून येतो, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. कधीतरी घोटभर घेणाऱ्यावर ना कंपनी चालते ना उत्पादन शुल्क खातं. म्हणजे त्या महसुलाचा मोठा वाटा देतो तो आजारी माणूस, आणि बरेचदा त्याच्या घरातल्या इतरांच्या वाट्याच्या पैशातून देतो. मे २०२० मध्ये टाळेबंदी जराशी सैल होताच अनेक राज्यांनी दारूची दुकानं उघडली, दिल्लीनं तर किमतीवर ७० टक्के विशेष कोरोना शुल्क लावलं. राज्यांचे हात किती बांधलेले आहेत, ते त्या आठवड्यात सगळ्या देशानं पाहिलं. आणखी एका पदार्थासाठी तसेच हात बांधून घ्यायचे का?

२०१९ मध्ये एम्सच्या पाहणीचा अहवाल आला. त्यानुसार देशात दारू घेणारे सुमारे १६ कोटी, गांजा-भांग-चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख, अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख. या फरकाला एकटा कायदा कारणीभूत आहे असं मी म्हणणार नाही. पण सहज मिळणं, उघड विकलं जाणं आणि आडून का होईना जाहिरात होणं यांचा काहीच हात नाही, असं कुणी सांगितलं तर ते मला पटणार नाही.

बरं, तिजोरीची आशा तरी पुरी होते का? कोलोरॅडोत २०१४ पासून गांजाची कायदेशीर विक्री सुरू आहे. कराचं उत्पन्न २०२१ पर्यंत चढलं आणि मग उतरू लागलं. कॅलिफोर्नियात कर इतके जड झाले की बेकायदा बाजार बंद पडलाच नाही. शेवटी २०२२ मध्ये लागवडीवरचा कर रद्द करावा लागला. कर चढा ठेवला तर गुन्हेगार टिकतात, हलका ठेवला तर पदार्थ स्वस्त होतो. या कोंडीतून बाहेर पडायची गुरुकिल्ली अजून कुणाला सापडलेली नाही.

कायदेशीर करा म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि मी तो टाळणार नाही. माणसं मरतात ती पुडीत काय आहे ते माहीत नसल्यामुळे. अमेरिकेत हेरॉइनची जागा फेंटानिल या त्याहून कितीतरी तीव्र कृत्रिम पदार्थानं घेतली आणि २०२१ ते २०२३ या काळात अतिमात्रेनं वर्षाला लाखाहून जास्त मृत्यू झाले. शुद्धता माहीत असलेला पदार्थ जीव वाचवतो. पण त्यासाठी दुकान लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९९४ पासून इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांना दवाखान्यात, परिचारिकेसमोर, मोजलेल्या मात्रेत हेरॉइन दिलं जातं. २००८ मध्ये ६८ टक्के मतदारांनी ती पद्धत कायम केली. तिथे ना जाहिरात आहे, ना विक्रेत्याचा नफा. आपल्याकडेही नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांत हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दिलं जातं. ती केंद्रं वाढवायला नवा कायदा लागत नाही, अर्थसंकल्पातली तरतूद लागते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ चा आधार घेऊन कुणी म्हणेल, की शिक्षा काढणं घटनेविरुद्ध आहे. हा अनुच्छेद पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्याच्या कर्तव्याविषयी आहे, आणि मादक पदार्थांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्यानं करावा हे त्याच कर्तव्याच्या पोटात येतं. आजारी माणसाला कैदेत टाकून ते कर्तव्य पार पडत नाही. १९६१ चा आंतरराष्ट्रीय करारही व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचार देण्याची मुभा देतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. कलम २७ रद्द करावं, आणि स्वतःच्या वापरासाठी अल्प मात्रा जवळ बाळगणं गुन्ह्यातून वगळावं. विक्रेत्यांवरची कलमं आहेत तशीच राहू द्यावीत. मात्रा मोजताना भेसळीचं वजन धरू नये, अशी स्पष्ट तरतूद करावी. कलम ६४अ मधली उपचार पूर्ण करण्याची अट काढून टाकावी. हे सगळं अमलात येण्याआधी उपचार केंद्रांसाठी नियमित तरतूद करावी, म्हणजे ओरेगॉनची वेळ आपल्यावर येणार नाही. आणि ही तरतूद कोणत्याही नशेच्या कराशी जोडू नये. ज्या केंद्राचा पगार गांजाच्या खपावर अवलंबून असेल, त्या केंद्रात मी काम करू शकणार नाही.

विक्रीला परवानगी देण्याचा प्रस्ताव आज आपल्या टेबलावर आला तर तो परत पाठवावा. पुढे कधी गांजापुरता विचार झालाच, तर जर्मनीत २०२४ पासून आहे तशी स्वतःपुरती लागवड आणि नफा न कमावणारे क्लब, किंवा उरुग्वेसारखं राज्यानं ठरवलेलं प्रमाण आणि नोंदणी, यांपासून सुरुवात व्हावी, आणि त्या चर्चेत आपलं खातं शेवटी बोलावं.

पुढच्या अधिवेशनात एनडीपीएस दुरुस्ती विधेयक येणार आहे का, आणि त्यात कलम २७ असेल का, एवढं आपण जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपली,
व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारी एक समुपदेशक