तिसऱ्या मजल्यावरच्या अपांना

प्रिय अपा,

हे पत्र मी मराठीत लिहितेय. रशियनमध्ये मला पेशंटची विचारपूस करता येते, बाजारहाट करता येतो, पण मनातलं सगळं सांगायला ती पुरत नाही. आमच्या लातूरकडचीच एक ज्युनिअर हल्ली तुमच्या इमारतीत राहते, ती तुम्हाला वाचून समजावून सांगेल. उघडपणे लिहितेय ते मात्र इथल्या लोकांसाठी. बिश्केक, किर्गिझस्तानची राजधानी, जिथे मी डॉक्टरकी शिकले, म्हटलं की आमच्याकडे अजूनही त्या एका रात्रीचे व्हिडिओच आठवतात. त्या रात्री तुम्ही काय केलंत, याचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अपा म्हणजे किर्गिझमध्ये आई किंवा आईसारखी वडीलधारी बाई. मे 2024 च्या 13 तारखेला बिश्केकमध्ये काही स्थानिक आणि परदेशी तरुणांची मारामारी झाली. तिचा व्हिडिओ पसरला आणि 17 तारखेच्या रात्री जमाव परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर चालून गेला. दारं तोडली, मुलांना बेदम मारलं. तेव्हा त्या देशात 15,000 च्या आसपास भारतीय मुलं शिकत होती. मारामारीशी आमचा कसलाही संबंध नव्हता, पण रागावलेल्या घोळक्याला कोण कुठला हे कुठे कळतं!

त्या रात्री कोण आमच्या उपयोगी पडलं नाही, ते आधी सांगते. आमच्या गावी हॉल भाड्याने घेऊन पडद्यावर हिरवेगार डोंगर दाखवणारा तो एजंट. 'तुमची मुलगी ती माझी मुलगी' असं म्हणत त्याने बाबांचा हात हातात घेतला होता. भारतीय मेस, स्वच्छ होस्टेल, चोवीस तास आपला माणूस, सगळं तोंडी कबूल केलं होतं. पैसे रोखीने घेतले, पावती दिली नाही. होस्टेलमध्ये खोलीभर खाटा आणि एकच चालू नळ निघाला, तेव्हा 'ॲडजस्ट करा' म्हणाला. आणि 17 मेच्या रात्री आई त्याला फोन लावत राहिली, तर फोन बंद. पुढचे कितीतरी दिवस बंदच. नव्या प्रवेशांचा हंगाम आला आणि तोच नंबर पुन्हा सुरू झाला, हे मी विसरणार नाही.

दुसरे ते टीव्हीवाले. मुलं मारली गेल्याच्या खोट्या अफवा फोनवर फिरत होत्या, त्यात यांचा आरडाओरडा. माझ्या आजीने दोन घास खाल्ले नाहीत.

आणि तुम्ही, अपा? तुमचा आमचा करार काय होता? काहीच नाही. घरमालकीण तुम्ही नव्हतात, कॉलेजच्याही कुणी नव्हतात. होस्टेल सोडून आम्ही चौघी समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो, एवढंच. त्याआधी 'परदेशी मुली नकोत' म्हणून आम्हाला किती दारांतून परत पाठवलं होतं! तुम्ही पहिल्याच दिवशी बशीभर बोरसोक घेऊन आलात, तळलेल्या कणकेचे ते गरम तुकडे. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर 'मग जगता कशा?' म्हणून खरोखर काळजीत पडलात. दुसऱ्या दिवशी ओश बाजारात नेऊन मुगाची डाळ, जिरं आणि मिरच्या कुठल्या गल्लीत मिळतात ते दाखवलंत. भाव चढवणाऱ्या दुकानदारणीला आमच्या वतीने असं काही बोललात की तिने मूठभर जर्दाळू वर टाकले.

तो देश मला तुमच्यामुळे दिसला. नाहीतर मी पुस्तकं आणि होस्टेल एवढ्यातच अडकले असते. मार्श्रुत्कामध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या प्रवासी व्हॅनमध्ये, मागच्या बाकावरून भाड्याची नाणी हातोहात ड्रायव्हरपर्यंत कशी जायची आणि सुटे पैसे तसेच परत कसे यायचे, ते तुम्ही शिकवलंत. रस्त्याकडेच्या अरिकांमधून, म्हणजे उघड्या पाटांमधून, डोंगराचं पाणी वाहतं, त्यात कचरा टाकणाऱ्या मुलाला तुम्ही बसमधून ओरडून दटावलं होतं. सोव्हिएत काळात हे शहर फ्रुंझे म्हणून ओळखलं जायचं, तेव्हा तुम्ही बालवाडीत शिकवत होतात, आणि अख्खी गल्ली अजून तुमच्या वर्गात असल्यासारखंच वागत होतात. अला-अर्चाला, शहरापासून 40 किलोमीटरवरच्या त्या दरीत, गुडघे दुखत असूनही आलात. लाकडी बाकावर बसलात आणि आम्हाला 'जा वर, मी आहे इथे' म्हणालात. आम्ही दमून खाली आलो तेव्हा थर्मासमधला चहा तयार होता.

पण लिहायचंय ते चपलांबद्दल.

आमच्या दारात चपलांची रांग असायची. तुमच्याकडे लोक बूट घरात, उंबऱ्याच्या आत काढतात. आम्ही चौघी मात्र गावाकडच्या सवयीने बाहेर, पायरीशी. फ्लोटर्स, कोल्हापुरी, आणि एकीच्या पुण्याहून आणलेल्या मोजड्या. त्या जिन्यात असं पादत्राण दुसऱ्या कुणाच्याच दारात नव्हतं. खालून वर येणाऱ्या माणसाला आत कोण राहतं ते सांगायला ती रांग पुरेशी होती.

त्या रात्री इमारतीच्या अंगणातून आवाज यायला लागले तेव्हा आम्ही दिवे मालवून आतल्या खोलीत बसलो होतो. तेव्हा जिन्यात खुडबूड ऐकू आली. दाराच्या भोकातून मी पाहिलं. तुम्ही वाकून, एका हाताने कठडा धरून, आमच्या चपला ओच्यात भरत होतात. एकेक करत सगळ्या. मग आत जाऊन तुमच्या नातवाचे दोन जोड बूट आणि तुमच्या मिस्टरांचे ते जुने जाड बूट घेऊन आलात. ते तर त्यांच्या माघारी कपाटात जपून ठेवलेले होते. ते आमच्या दाराशी मांडलेत. नीट, जोडीने. त्यानंतर शाल घेऊन खाली गेलात आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसलात. शेजारच्या मजल्यावरच्या दोघी आज्याही आल्या. पोरांचा एक घोळका फाटकातून आत आला, तुमच्याशी थोडा वेळ बोलला, आणि निघून गेला. काय बोललात ते आम्हाला वर ऐकू आलं नाही, आणि तुम्ही कधी सांगितलंही नाही.

सकाळी दार वाजलं. तुम्ही पाटी घेऊन उभ्या होतात आणि पाटीत आमच्या चपला. आदल्या दिवशीचा पाऊस होता, सगळ्यांना चिखल लागलेला होता. तो तुम्ही ब्रशने घासून काढला होता. माझ्या फ्लोटरचा पट्टा महिनाभर तुटका होता, तो जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला होता. मी तो टाका आजही बोटाने चाचपते.

अपा, आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला चुकून पाय लागला तरी आपण वाकून नमस्कार करतो. तुमच्या वयाच्या बाईने आमच्या पायातली वहाण हातात घ्यावी, ती धुवावी, रात्रभर जागून शिवावी, हे आमच्या अंगावर आलं. आम्ही चौघी दारातच रडायला लागलो. तुम्ही म्हणालात, 'रडता कशाला, चहा झालाय.' आणि खरंच चहा झाला होता.

जीव वाचवणं मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण मला राहून राहून तो शिवलेला पट्टाच आठवतो. घोळका निघून गेल्यावर तुमचं काम संपलं होतं. चपला तशाच परत दिल्या असत्या तरी आम्ही जन्मभर ऋणी राहिलो असतो. धोका टळल्यावर, मध्यरात्री, कुणी बघत नसताना, परक्या मुलीची तुटकी चप्पल हातात घेऊन सुई-दोरा शोधणारी बाई... त्यात कसला मोबदला नव्हता, कसला दिखावा नव्हता.

तुम्ही आम्हाला अता-बेयितला नेलं होतं, आठवतं? शहराच्या दक्षिणेला, चोन-ताशजवळचं ते स्मारक. 1938 मध्ये स्टालिनच्या राजवटीत 130 हून अधिक माणसांना गोळ्या घालून तिथल्या वीटभट्टीत पुरलं होतं. लेखक चिंगीझ ऐतमातोव यांचे वडीलही त्यांत होते. तिथल्या पहारेकऱ्याला ते ठाऊक होतं. त्याने मरण्याआधी मुलीला सांगितलं, आणि तिने ते ओझं कित्येक वर्षं मनात वाहिलं. 1991 मध्ये तिने तोंड उघडलं तेव्हा कुठे त्या माणसांना धड दफन मिळालं. तिथे उभं राहून तुम्ही म्हणाला होतात, 'एवढी वर्षं त्या बाईला घास कसा गिळवला असेल!' मला वाटतं, तुमच्या देशाची खरी ओळख त्या बाईत आहे, तुमच्यात आहे, बाकावर बसलेल्या त्या दोन आज्यांत आहे. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातली किर्गिझ मुलं ब्रेड आणि दूध घेऊन आली, मान खाली घालून उभी राहिली, त्यांच्यातही आहे. चांगुलपणाला देशाची सीमा नसते असं भाषणात ऐकलं होतं, मला तो तिसऱ्या मजल्यावर भेटला. काठ्या घेऊन फिरणारे थोडे होते. दार उघडणारे पुष्कळ होते, त्यांची बातमी झाली नाही.

इथल्या आईवडिलांना माझं सांगणं एवढंच आहे: मुलीला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण एजंटच्या पडद्यावरच्या डोंगरांवरून ठरवू नका. पावती मागा. होस्टेलमध्ये सध्या राहणाऱ्या मुलींशी स्वतः बोला. आणि मुलगी तिथे पोचली की शेजारी कोण राहतं ते तिला विचारा, तिच्याकरवी त्यांना रामराम सांगा.

अपा, आता माझी इंटर्नशिप सुरू आहे. तुम्ही म्हणायचात तशी मी ओपीडीत घाईघाई करत नाही, म्हाताऱ्या पेशंटला आधी बसायला खुर्ची देते. ज्युनिअरबरोबर आईने शेंगदाण्याची चटणी, गुळाची ढेप आणि एक इरकली पाठवली आहे. इरकली नेसायची कशी ते ती दाखवेल, नाहीतर शाल म्हणून पांघरा. चटणी तिखट आहे, जपून खा. बीपीची गोळी रोज सकाळी घ्यायची, डोकं दुखेल तेव्हाच नव्हे. ज्युनिअरकडे मशीन दिलं आहे, ती दर रविवारी मोजून मला आकडे पाठवणार आहे. गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्या, टाळू नका. माझ्या सुट्ट्या ठरल्या की मी स्वतः येतेय.

तुमची,
समोरच्या दारातली मुलगी