नवा संगणक घेण्याआधी कारण विचारा

मा. संपादक,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या मशीनवर ‘आता नवाच घ्या’ असा शेरा सर्रास मारला जातो. हे ग्राहकावर अन्याय करणारे आहे. विंडोज १० बंद पडलेले नाही, फक्त नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली आहेत. घरगुती मशीनवर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असेल तर नावनोंदणी करून ही अपडेटही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर त्या नावनोंदणीची लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की पैसे पडत नाहीत.

‘विंडोज ११ चालणार नाही’ असे कुणी सांगितले तर नेमके कशामुळे, ते विचारा. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा प्रोसेसर असेल तर विषय बहुधा तिथेच संपतो. पळवाटा काढून विंडोज ११ बसवता येते, पण पुढच्या अपडेटची हमी राहत नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवर तसे करूच नये. आठव्या पिढीपासून पुढे मात्र बहुतेकदा अडते ते टीपीएम २.० या सुरक्षा-सुविधेवर, आणि ती बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) नुसती बंद असते. इंटेलवर ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते.

खरा घोळ होतो तो पुढच्या पायरीला, म्हणजे बायोस जुन्या ‘लेगसी’ पद्धतीवरून विंडोज ११ ला लागणाऱ्या नव्या ‘यूईएफआय’ पद्धतीवर नेताना. जुन्या पद्धतीने विंडोज टाकलेल्या डिस्कची मांडणी ‘एमबीआर’ या जुन्या प्रकारची असते, यूईएफआयला ‘जीपीटी’ ही नवी मांडणी लागते. बायोस लेगसीवरून थेट यूईएफआयवर नेला तर मशीन बूटच होत नाही, आणि मग डिस्क गेली म्हणून फॉरमॅट मारला जातो, डेटासकट! आधी विंडोजमधूनच ‘एमबीआर टू जीपीटी’ (mbr2gpt) या साधनाची व्हॅलिडेट, म्हणजे तपासणीची, कमांड चालवावी, ती पास झाली तर कन्व्हर्ट करावे, मगच बायोस बदलावा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो आधी सस्पेंड करून ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बॅकअप तर हवाच.

मशीन संथ असेल तर विंडोजला दोष देण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये हार्ड डिस्क पाहा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणारे, संशयित भाग) शून्याच्या वर असेल तर अपग्रेडला हात लावू नका. तेवढ्या लिहा-वाचीत कमकुवत डिस्क मध्येच मान टाकते. डेटा काढून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची साटा एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, रॅम ८ जीबी करा. डीडीआर३एल (कमी व्होल्टच्या) रॅमच्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ बसवली तर तो चालू न होण्याची शक्यता असते, म्हणून स्टिकरवर १.३५ व्होल्ट आहे का ते बघूनच घ्या.

ज्यांचा हिशेब अजून डॉसवरच्या (विंडोजपूर्व प्रणालीवरच्या) फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे, त्यांनी विशेष जपावे. हा प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालतो. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते आणि तिथे डॉसचे प्रोग्रॅम थेट उघडत नाहीत. असे मशीन इंटरनेटवरून काढून तसेच चालू ठेवावे, डेटा फायलींची रोज पेनड्राइव्हवर प्रत घ्यावी, आणि नवीन प्रणालीवर ताळेबंद जुळेपर्यंत जुने मशीन मोडीत काढू नये.

अपग्रेडनंतर काही बिघडले तर १० दिवसांत ‘गो बॅक’ने मागे जाता येते. तोवर जागा मोकळी करण्यासाठी ‘विंडोज डॉट ओल्ड’ (Windows.old) हा जुन्या विंडोजचा फोल्डर पुसू नका.

– संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सांगली