दम्याला ‘रामराम’? जरा थांबा

महोदय,

कालच्या अंकातली ‘दम्याला आता रामराम! नव्या इंजेक्शनने कायमची सुटका’ ही बातमी वाचली. मथळा देणाऱ्यांचे अभिनंदन. बातमीच्या पोटात शिरल्यावर कळते, की चाचणीत अ‍ॅटॅक कमी झाले, तेही नेहमीचा पंप चालू ठेवून. याला सुटका म्हणतात होय? आता हे वाचून कुणी पंप कचऱ्यात टाकला तर रात्री दोन वाजता त्याला रिक्षात घालून कोण नेणार, आपले वार्ताहर?

शिवाय ही इंजेक्शने काही आज उगवलेली नाहीत. अ‍ॅलर्जीच्या दम्यावरचे ओमॅलिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्येच मंजूर झाले. रक्तातल्या ‘आयजीई’ला, म्हणजे अ‍ॅलर्जी भडकवणाऱ्या प्रथिनाला, ते धरून ठेवते. दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचून घ्यायचे. धाप लागल्यावर त्याचा उपयोग नाही, तिथे पंपच.

आमच्या सौ. अशाच एका चाचणीत होत्या (रुग्णालयाचे नाव घेत नाही). टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसायच्या, दिवसभर तूस नाकात. अ‍ॅलर्जी कशाची ते बघायला हातावर थेंब टाकून सुईने टोचले, तर गाजरगवताच्या थेंबाला रुपयाएवढी गांधी उठली. ते गवत आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढे माजले आहे, त्यावर कुठले इंजेक्शन निघाले असेल तर तेही छापा.

टोचत होते ते औषध की नुसते पाणी, हे ना हिला ठाऊक, ना टोचणाऱ्याला. पद्धतच तशी, मान्य. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकरीचा जोर मोजणाऱ्या नळीत तीनदा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. गड्ड्याच्या यात्रेत घर पाहुण्यांनी भरलेले, तरी हिने एक ओळ चुकवली नाही. बरेही वाटत होते, जिना न थांबता चढायची. मग चाचणी संपली. वही जमा, नळीही जमा! नळी तरी राहू द्या म्हटले, तर ‘कंपनीची आहे’. औषध मिळाले की पाणी, ते ‘कळवू’ म्हणाले. अजून कळवताहेत. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत चाचणीनंतर औषध फुकट देण्याची तरतूद आहे, पण त्या आजाराला दुसरा उपचार नसेल तरच. दम्याला पंप आहे, म्हणजे आम्ही बाद. विकत घ्यायचे, तर किंमत ऐकूनच धाप लागते.

आपल्या बातमीत कंपनीचे साहेब आहेत, शेअरचा भाव आहे. ज्यांनी दंड पुढे केला त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. पुढे त्यांना औषध मिळणार का, एवढे तरी विचारायचे! चाचणीचा नोंदणी क्रमांकही नाही, नाहीतर आम्हीच शोधून वाचले असते.

आणि जाता जाता, त्याच पानावर खाली पाव पानाची रंगीत जाहिरात होती: ‘दमा मुळापासून बरा, एकदाच या’. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये दम्याचे नाव आहे. म्हणजे तो बरा करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. जाहिरातीतले शिबिर येत्या रविवारी आहे, तेव्हा शनिवारी ती जाहिरात पुन्हा येणार असेल. छापण्याआधी जाहिरात विभागाला एवढे परिशिष्ट वाचायला द्यावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
अक्कलकोट रोड, सोलापूर