वही आता सकाळी, बाबा

आई-बाबा, साष्टांग नमस्कार,

आधी सगळं वाचा, मग रागवा. दत्तूशी बोलून झालंय, सोमवारपासून तो सकाळी दहाला येऊन मागाचा हिशोब लिहिणार, त्याचे पैसे मी देणार. बाबा, तुम्हाला जमत नाही म्हणून नाही हं, सूतवाल्याचा रुपया तुम्ही कधी बुडवला नाही हे अख्ख्या वडगावला माहीत आहे की. पण त्याच्या एकाच बिलाचा चेक दोनदा लिहिलात, वर आईवरच ओरडलात, आणि मला फोनवर "काय नाही गं, झोप झाली नाही" म्हणालात, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

इथं बेंगळुरात एका डॉक्टरबाईंना विचारलं. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यातनं कॉर्टिसोल येतं. टेन्शनचं हार्मोन म्हणतात त्याला, पण उठून कामाला लागायलाही तेच लागतं. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळ्यात वर, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला. वय वाढलं की पुष्कळांचं ते संध्याकाळी-रात्री पाहिजे तेवढं उतरत नाही आणि चक्रही जरा अलीकडं सरकतं, त्यामुळं झोप हलकी आणि चारलाच डोळे टक्क उघडे. तुम्ही तर वर रात्री दहाला वही उघडून बसता! मेंदूत आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, त्याला हे हार्मोन जास्त दिवस चढं राहिलेलं सोसत नाही म्हणे. माँट्रियलच्या संशोधकांनी काही म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षं तपासलं, ज्यांचं कॉर्टिसोल चढतच गेलेलं त्यांचा तो भाग बाकीच्यांपेक्षा 14 टक्के लहान निघाला, 1998 साली छापून आलंय. माणसं थोडीच होती हं, आणि तुमचं तसंच आहे असं मी अजिबात म्हणत नाही. कदाचित नुसती बी-ट्वेल्व कमी असेल. म्हणून थायरॉइड, शुगर, बीपी सगळं बघून घ्यायचं, या आठवड्यातच.

आठवतं का, लहानपणी मागाच्या खटखटीत मी गाढ झोपायची आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठायची? तुम्ही मग पाठीवर थोपटत तोंडानं खटक-खटक करायचा. आता तुम्हाला कोण थोपटणार, म्हणून ही सगळी दादागिरी.

तर ऐका. उठल्यावर गच्चीवर अर्धा तास उजेडात, पाऊस असेल तर पडवीत. चारनंतर चहा नाही. आई, साडेआठला तो बातम्यांचा आरडाओरडा बंद कर, ते ऐकणार नाहीत, तू रिमोटच लपव. दुपारी अर्ध्या तासावर झोपू देऊ नकोस. नवी गादी बुधवारी येईल, परत पाठवू नका, पैसे भरलेत. इन्व्हर्टरची बॅटरीपण बदलायला सांगितलीय.

बाबा, सही तुमचीच राहील, चेकबुक तुमच्याकडंच. दत्तू फक्त आकडे लिहील. शुक्रवारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघते, शनिवारी सकाळी घरी. स्टेशनवर येऊ नका, रिक्षा मिळते मला.

तुमची,
चिमी

ता. क. कपाटाची किल्ली देवघरातच ठेवा, दत्तूला जागा सांगितलीय.